कॅमकॉर्डरची पिशवी : काय घेतलं, काय उरलं



आजचा भाग ऐकायच्या किंवा वाचायच्या आधी एक काम करा. घरातलं ते कपाट आठवा, ज्यात जुने चार्जर, कुठल्या तरी फोनच्या वायरी आणि बंद पडलेलं राउटर ठेवलेलं असतं. त्याच्या तळाशी एक काळी, खांद्याला लावायची पिशवी आहे का? असली तर त्यात तुमचा कॅमकॉर्डर आहे. शेजारी मेलेली बॅटरी, प्लास्टिकमधून कधीच बाहेर न काढलेला छोटा रिमोट आणि दहा-बारा टेपा. काहींवर नाव आहे, काहींवर नाही.

आमच्या घरी ही पिशवी गेल्या हिवाळ्यात सापडली. एका टेपेवर माझ्याच अक्षरात ‘वाई, २००६’ असं लिहिलेलं होतं. त्या टेपेची गोष्ट सांगायचीच आहे, पण त्याआधी थोडा इतिहास. कॅमकॉर्डर विकत घेताना आपण त्याच्याबरोबर आणखी काय काय घेतलं, कशाला भुललो आणि त्यातलं खरंच कामाला काय आलं, याचा हा हिशेब आहे. मी व्यवसायाने आयटी सल्लागार, त्यात एमबीए केलेला. दुसऱ्यांना ‘कुठल्या फीचरला पैसे मोजा’ हे सांगण्याचे पैसे घेतो. स्वतःच्या बाबतीत मात्र सपशेल चुकलो.

सुरुवात सुपर-८ पासून करू. कोडॅकने १९६५ मध्ये ही फिल्म आणली. पन्नास फुटांच्या एका काडतुसात जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत आणि सुरुवातीला त्यात आवाज नव्हता. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेत आलेल्या आपल्या डॉक्टर-इंजिनियर मंडळींकडे अशी रिळं असतात. बर्फात साडी नेसून उभ्या असलेल्या काकू हात हलवतात, काहीतरी बोलतात, पण काय बोलतात ते कळत नाही.

व्हिडिओ टेप आल्यावर आवाज आला, पण सोबत वजनही आलं. आधी कॅमेरा एका खांद्यावर आणि रेकॉर्डर दुसऱ्या खांद्यावर, मध्ये जाड वायर, अशी वरात असे. १९८३ मध्ये सोनीने दोन्ही एकत्र करून घरगुती वापराचा बेटामूव्ही आणला. वजन सुमारे अडीच किलो. गंमत म्हणजे त्यात रेकॉर्ड करता येत होतं, पण केलेलं बघता येत नव्हतं! त्यासाठी टेप काढून घरच्या व्हीसीआरमध्ये घालावी लागे.

पुढच्या वर्षी, १९८४ मध्ये, जेव्हीसीने जीआर-सी१ आणला. ‘बॅक टू द फ्यूचर’ सिनेमात मार्टीच्या हातात आहे तोच. त्यात व्हीएचएस-सी नावाची लहान कॅसेट होती. ती एका रिकाम्या, मोठ्या कॅसेटच्या आकाराच्या ॲडाप्टरमध्ये बसवायची आणि व्हीसीआरमध्ये ढकलायची. बऱ्याच ॲडाप्टरमध्ये स्वतःची छोटी मोटर असे आणि तिला वेगळा सेल लागे. हा ॲडाप्टर हरवला की घरात व्हीसीआर असून उपयोग नाही. त्या सिनेमात कॅमेरा १९५५ सालच्या टीव्हीला जोडून लगेच चित्र दिसतं. सिनेमात ते जमतं. आपल्याकडे मात्र पिवळी-पांढरी वायर नेमकी भारतातच राहून जायची.

१९८५ मध्ये सोनीने व्हिडिओ-८ चा कॅमेरा आणला आणि टेप आणखी लहान झाली, पण ती कुठल्याच व्हीएचएस व्हीसीआरमध्ये बसेना. म्हणजे कॅमेरा हाच प्लेयर. कॅमेरा बिघडला की सगळ्या टेपा मुक्या. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता बॅटरी. सुरुवातीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या जड असत आणि पूर्ण संपवल्याशिवाय चार्ज केल्या की ताकद कमी होते अशी त्यांची ख्याती होती. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. आज तुमच्या फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये आणि गाडीतही जी आहे तिचीच ही थोरली बहीण, आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या वापरांपैकी एक म्हणजे कॅमकॉर्डर! पुढे ‘आता इतकी मिनिटं उरली’ हे पडद्यावर सांगणाऱ्या बॅटऱ्या आल्या. मुंजीत मातृभोजनाच्या वेळी कॅमेरा बंद पडल्याचा अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना या सोयीचं मोल सांगायला नको. जादा बॅटरी ही पैसे वसूल करून देणारी वस्तू होती.

१९८९ मध्ये सोनीचा टीआर-५५ आला, ७९० ग्रॅमचा. जपानमध्ये त्याची जाहिरात ‘पासपोर्टएवढा’ अशी केली होती. त्याच सुमारास अमेरिकेत घरगुती व्हिडिओंना बक्षिसं देणारा ‘अमेरिकाज फनिएस्ट होम व्हिडिओज’ सुरू झाला. आणि ३ मार्च १९९१ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज हॉलिडे या माणसाने घराच्या बाल्कनीतून आपल्या हँडीकॅमने पोलिस रॉडनी किंगला मारताना टिपले. त्या टेपेने अख्खा देश हादरला. तिच्यात टायटल नव्हतं, इफेक्ट नव्हते. चित्रही हललेलं, धूसर होतं. पण कॅमेरा हाताशी होता आणि चालू झाला. तेवढं पुरलं.

१९९२ मध्ये शार्पने व्ह्यूकॅम आणला. डोळा लावायच्या भिंगाऐवजी मागे चार इंचांचा रंगीत पडदा! लवकरच सगळ्यांनी बाजूला उघडणारा पडदा दिला. बॅटरी जास्त खाणारी ही चैन आहे असं तेव्हा अनेकांना वाटलं. पण यामुळे कॅमेरा धरणाऱ्याचा चेहरा मोकळा झाला. तो समोरच्याशी बोलू शकला, टिपलेलं लगेच सगळ्यांना दाखवू शकला. माझ्या मते गेल्या चाळीस वर्षांत कॅमकॉर्डरमध्ये जी काही भर पडली, त्यातली ही सगळ्यात माणुसकीची.

यानंतर आली खोक्यावरच्या आकड्यांची लढाई. ‘डिजिटल झूम’ आठवतो? लेन्सचा खरा झूम २० पट आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात ८०० पट. खरा झूम लेन्समधली भिंगं हलवून चित्र जवळ आणतो. डिजिटल झूम चित्राचा मधला तुकडा कापतो आणि ताणतो. पोळीची कणीक तेवढीच, लाटून दुप्पट केली तर पातळ होणारच. त्या काळच्या सेन्सरमध्ये मुळात पिक्सेल कमी, त्यामुळे ताणलेल्या चित्रात नवरदेवाचं नाक म्हणजे चार चौकोन दिसायचे.

फोटो काढायची सोयही अशीच. २००० च्या आसपास मेमरी कार्ड असलेले कॅमकॉर्डर आले. फोटो किती मोठा? ६४० गुणिले ४८०, म्हणजे साधारण ०.३ मेगापिक्सेल. अंधारात दिसणाऱ्या ‘नाइटशॉट’ची तर वेगळीच कथा. १९९८ मध्ये लक्षात आलं की हा इन्फ्रारेड मोड दिवसा फिल्टर लावून वापरला तर काही कपड्यांच्या आरपार दिसतं. सोनीने माल थांबवला आणि कॅमेऱ्यात बदल केले. आपण मात्र नाइटशॉट वापरला तो झोपलेलं बाळ हिरवं दिसतं हे बघायला, एकदाच. नव्याचे नऊ दिवस.

शिवाय फेडर, सेपिया, मोझेक, ‘हॅपी बर्थडे’ची तयार अक्षरं. हे सगळं टेपेवरच कायमचं उमटायचं, पुसता यायचं नाही. तारखेचंही तसंच. व्हिडिओ-८ आणि व्हीएचएस-सीमध्ये तारीख चित्रावर छापली जायची. डीव्हीमध्ये ती चित्राच्या मागे वेगळी साठवली जाते, हवी तेव्हा दाखवता येते. ही खरंच उपयोगी सोय, पण घड्याळ लावलं असेल तरच! आणि अमेरिकन कॅमेऱ्यातलं ४/५ म्हणजे पाच एप्रिल, हे भारतातल्या आत्याला कोण सांगणार?

आपल्यासारख्या परदेशस्थांना आणखी एक भोवरा होता. अमेरिकेतला टीव्ही एनटीएससी, भारतातला आणि ब्रिटनमधला पाल. एकात ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे तीस चित्रं, दुसऱ्यात ६२५ रेषा आणि पंचवीस चित्रं. इथे हौसेने केलेली कॅसेट पुण्याला पाठवावी आणि तिथे टीव्हीवर चित्र वर-वर पळावं किंवा काळंपांढरं दिसावं. म्हणून मल्टी-सिस्टम व्हीसीआर घेतले गेले, कॅसेट ‘कन्व्हर्ट’ करून देणारी दुकानं चालली. खोक्यावर एका कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेला एनटीएससी हा शब्द आपल्यासाठी ८०० पट झूमपेक्षा कितीतरी महत्त्वाचा होता, आणि आपण तो वाचला नाही.

१९९५ मध्ये डीव्ही आलं. टेपेवर आता आकडे होते, त्यामुळे प्रत काढली तरी चित्र फिकं होत नव्हतं. सोनीच्या व्हीएक्स-१००० सोबत फायरवायरची वायरही घरी येऊ लागली. सोनी तिला आय-लिंक म्हणे. १९९९ मध्ये आयमॅक डीव्ही आणि आयमूव्ही आल्यावर घरच्या टेबलावर एडिटिंग शक्य झालं. एका तासाच्या टेपेला तेरा जीबी जागा लागे, तेव्हाच्या अनेक संगणकांची जवळजवळ अख्खी डिस्क!

इथे दोन सापळे होते. पहिला, बऱ्याच मॉडेलांवर यूएसबीचं छिद्रही होतं. लोकांना वाटे टेप त्यातून उतरते. खरं तर त्यातून बहुधा फक्त कार्डावरचे फोटो यायचे किंवा अगदी हलक्या दर्जाचं चित्र. टेपेसाठी फायरवायरच हवी आणि ती वायर खोक्यात नसायची. दुसरा सापळा ब्रिटन आणि युरोपातल्या श्रोत्यांना आठवेल. बाहेरचा सिग्नल घेऊन रेकॉर्ड करू शकणारा कॅमकॉर्डर तिथे व्हिडिओ रेकॉर्डर धरला जाई आणि त्यावर जास्त आयातशुल्क लागे. म्हणून कंपन्या तिथल्या अनेक मॉडेलांत ती सोय मुद्दाम बंद करून विकत. यंत्र तेच, पण एक दार बाहेरून कुलूपबंद.

आता माझी टेप.

२००५ च्या शेवटी आमची मुलगी झाली. बारसं इथे अपार्टमेंटमध्ये झालं होतं, पण आजीचा हट्ट होता की वाईच्या घरात पुन्हा पाळणा बांधायचा. त्या प्रवासासाठी मी मिनी-डीव्ही कॅमकॉर्डर घेतला. दुकानाचं नाव सांगत नाही. विक्रेता हुशार होता. त्याने मला पिशवी, यूव्ही फिल्टर, टेप साफ करायची कॅसेट आणि तीन वर्षांची जादा वॉरंटी विकली. अशा वस्तूंवर दुकानाचा नफा कॅमेऱ्यापेक्षा जास्त असतो हे मी एमबीएच्या वर्गात शिकलो होतो. तरी घेतल्या. शेवटी त्याने कॅमेऱ्यावर बसणारा एक छोटा माइक दाखवला. मी हसून म्हणालो, “मला काय गाणं रेकॉर्ड करायचंय?”

वाईला माजघरात पाळणा बांधला. आजी तेव्हा चौऱ्याऐंशीची. ती पाळणा म्हणायला लागली. छापील पुस्तकातला नव्हे, तिच्या आईकडून आलेला, मध्ये आमच्या घरातली नावं गुंफलेला. खोली लहान, माणसं भरपूर. कॅमेऱ्याची लेन्स मुळात फार रुंद नसते, त्यामुळे सगळे मावावेत म्हणून मी मागे सरकत सरकत दारात गेलो आणि तिथून झूम केला. मोठ्या अभिमानाने. पैसे वाचवायला टेपही एलपी मोडवर, साठ मिनिटांच्या टेपेत नव्वद मिनिटं.

रात्री सगळ्यांना टीव्हीवर दाखवायचं ठरलं. आजीकडचा जुना टीव्ही, पाल. चित्र काळंपांढरं आणि पळतंय. शेवटी मी आजीजवळ बसलो, कॅमेऱ्याचा अडीच इंचांचा पडदा उघडला आणि तिच्यासमोर धरला. तिने चष्मा वर-खाली केला आणि म्हणाली, “अगंबाई, एवढुशी दिसतेय मी! आणि आवाज कुठंय रे?” मी म्हणालो, “स्पीकर लहान आहे गं आजी, मोठ्या टीव्हीवर येईल.”

तीन वर्षांनी आजी गेली. ती टेप मी पुन्हा पाहिली नाही. आधी वेळ नव्हता, मग वायर नव्हती, मग कॅमेरा सुरूच होईना.

मधल्या काळात जग पुढे गेलं. २००० मध्ये हिताचीने डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारा कॅमकॉर्डर आणला. छोट्या तबकडीत चांगल्या दर्जाचं जेमतेम अर्धा तास, आणि ‘फायनलाइझ’ केल्याशिवाय ती इतर प्लेयरवर चालायची नाही. २००७ मध्ये फ्लिप आला. त्याला ना पिशवी, ना वायर, ना इफेक्ट. अंगातूनच यूएसबीचा दांडा बाहेर यायचा, तो संगणकात खुपसायचा. ‘काढलेलं बाहेर कसं येणार’ याचं सरळ उत्तर देणारा माझ्या पाहण्यातला हा पहिला कॅमेरा. सिस्कोने २००९ मध्ये ती कंपनी ५९ कोटी डॉलरला घेतली आणि एप्रिल २०११ मध्ये फ्लिप बंद केला. तोवर फोनच व्हिडिओ काढू लागले होते. २०१६ मध्ये जपानच्या फुनाईने व्हीसीआर बनवणं थांबवलं. नवा व्हीसीआर बनवणारी ती शेवटची कंपनी होती.

तर गेल्या हिवाळ्यात पिशवी सापडल्यावर मी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, कुणाकडे चालू मिनी-डीव्ही कॅमेरा आहे का? एका काकांनी आपला दिला, चार्जरसकट. कुणाकडून फायरवायर असलेला जुना लॅपटॉप आला. पहिल्या दिवशी चित्राचे तुकडे तुकडे झाले. एलपीवर भरलेली टेप दुसऱ्या यंत्रात नीट चालेलच असं नसतं. मग आमचाच कॅमेरा दुरुस्त करून घेतला. कॅमेरा घेताना दिले त्याच्या निम्मे पैसे त्यातच गेले.

चित्र छान आलं. आजीचा चेहरा, हिरवी नऊवारी, पाळण्याची दोरी धरलेला हात. आणि आवाज? कॅमेऱ्यातला माइक कॅमेऱ्याजवळचंच जास्त ऐकतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाई होते. लेन्सने आजीला जवळ आणलं, पण माइक माझ्यासोबत दारातच उभा होता. त्यामुळे टेपेवर स्पष्ट ऐकू येतो तो माझ्या चुलतभावाचा क्रिकेटचा स्कोर, टेपेच्या मोटरची घरघर आणि स्वयंपाकघरातला मिक्सर. आजी त्यांच्या मागे, खूप लांबून.

आमची मुलगी आता कॉलेजात आहे. तिने हेडफोन लावून ती नऊ मिनिटं कितीदा तरी ऐकली, आईला आणि आत्याला फोन करून विचारलं आणि पाळण्याची सहा कडवी कागदावर उतरवली. दोन कडव्यांत तिचं नाव आहे एवढं कळतं, पुढचे शब्द लागत नाहीत. आत्यालाही आठवत नाहीत. ते गेले.

म्हणून सांगतो. फीचर तोलताना मी आता एकच प्रश्न विचारतो : वीस वर्षांनी बघणाऱ्याच्या हाती यातलं काय लागेल? या कसोटीवर झूमचा आकडा, इफेक्ट, रिमोट, फिल्टर बाद होतात. उरतात माइक, जादा बॅटरी, स्टँड, बरोबर लावलेलं घड्याळ आणि टेपेतून चित्र बाहेर काढण्याचा रस्ता. फोनलाही हेच लागू आहे. दिवाळीत आजी-आजोबांशी बोलताना झूम करू नका, जवळ जाऊन बसा. पदराला किंवा कॉलरला लावायचा छोटा माइक आता फराळाच्या डब्याच्या किमतीत मिळतो.

आणि पिशवी सापडली तर हे करा. टेपेवरची सरकती कळ ‘सेव्ह’कडे ढकला, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. बुरशी दिसली तर ती टेप यंत्रात घालू नका, जाणकाराकडे द्या. भारतातल्या पाल कॅमेऱ्यावर भरलेली टेप असेल तर पाल यंत्रच शोधा. जुन्या व्हिडिओ-८ आणि हाय-८ टेपांसाठी डिजिटल-८ चा कॅमेरा मिळाला तर बघा. त्यातली काही मॉडेलं जुन्या टेपा वाजवतात आणि थेट फायरवायरने बाहेर देतात. जाहिरातीत कुणी न पाहिलेली ही सोय आज सोन्याची आहे. चित्र उतरलं की दोन-तीन ठिकाणी प्रती ठेवा, आणि त्यात कोण कोण आहे ते घरातल्या थोरांना विचारून लिहून काढा. टेपा ओल्या बेसमेंटमध्ये किंवा तापणाऱ्या माळ्यावर ठेवू नका.

तुमच्या मंडळात चालू कॅमेरा कुणाकडे आहे याची यादी करा. एक यंत्र दहा घरांना पुरतं. आमच्या काकांचा कॅमेरा सध्या चौथ्या घरी गेलाय.

हे काम याच शनिवार-रविवारी सुरू करा. टेपा थांबतील, असं मलाही सतरा वर्षं वाटत होतं.

पुन्हा भेटू. नमस्कार!